ओरडून सांगितलेला भाव

भाईंदरला, गोडदेवच्या त्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. खिडकी एकच, तीही शेजारच्या मोरीकडे उघडणारी, म्हणून बहुतेक बंदच. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात बफिंगवर होते, म्हणजे फिरत्या चाकावर भांडं धरून त्याला चकाकी आणायची. दिवसभर काळी भुकटी उडायची. संध्याकाळी भांडी चकचकीत होऊन बाजारात जायची आणि बाबा काळे होऊन घरी यायचे. मी नववीत असताना त्यांना दम लागायला लागला. शेठ म्हणाले, बरं वाटलं की या. बरं काही वाटलं नाही. मग त्याच गाळ्यातून आईने चमचे पॅकिंगला आणायला सुरुवात केली. बारा चमचे, एक पिशवी, एक चिकटपट्टी. आम्ही तिघं भावंडं शाळेतून आलो की दप्तर फेकून बारा-बारा चमचे लावत बसायचो. घरात हजारो चमचे होते आणि चमच्याने खावं असं काही नव्हतं.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती कुठल्या खोलीतून आली हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. तेव्हा मात्र लाज वाटायची. खोलीची वाटायची, बाबांच्या भुकटीने काळ्या पडलेल्या रुमालाची वाटायची, पण सगळ्यात जास्त वाटायची ती आमच्या घरमालकिणीची.

सगळी चाळ तिला मावशी म्हणायची. माहेर किनाऱ्यावरच्या चौक गावचं, सासर भाईंदरचं, दोन्हीकडे मासेमारी. नवरा लवकर गेला, बोट विकावी लागली. त्या पैशांतून तिने एक जुना टेम्पो घेतला, स्वतः चालवायला शिकली आणि किनाऱ्यावरची मासळी भाईंदरच्या बाजारात आणून विकायला लागली. बुटकी, रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर बांगड्या, आणि टेम्पोच्या स्टिअरिंगमागून फक्त अंबाडा दिसायचा. चाळ सासऱ्यांच्या जमिनीवर, तीही तीच सांभाळायची.

ती कोणालाही अहो-जाहो करायची नाही आणि तिला कोणी केलेलं चालायचं नाही. नगरसेवक आला तरी “काय रे, आज कसा उगवलास?” नळाची किल्ली पदराला बांधलेली असायची. साडेसहा वाजले की नळ बंद म्हणजे बंद, मग कोणाच्या डोक्याला साबण असो. एकदा माझ्याच डोक्याला होता. मी दारातून ओरडले, “मावशी, दोन मिनिटं!” ती म्हणाली, “दोन मिनटं तू आधी उठायची व्हतीस.” त्या दिवशी मी केसांत साबण घेऊन शाळेत गेले. तेव्हा ती दुष्ट आहे असं माझं पक्कं मत होतं आणि थोडंफार ते अजूनही आहे.

पण तिची खरी खोड वेगळी होती. कुठलीही नवी वस्तू दिसली की तिचा पहिला प्रश्न, “कितीला?” आणि उत्तर मिळालं की तोच आकडा ती अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडायची.

“कितीला घेतलीस गो चप्पल?”

“दीडशे,” आई हळूच म्हणायची.

“दीडशे! दीडशेला चप्पल हाय ही! आयकलं का गो सगल्यांनी?”

मग वरच्या मजल्यावरून कोणीतरी सांगायचं, की त्याच दुकानातून आम्ही एकशेवीसला आणली. आई लाल व्हायची. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जाऊन तीस रुपये परतही आणायची, पण मावशीला ते कधी सांगायची नाही.

चाळीतल्या एका लग्नात मावशीने भर मांडवात नवरदेवाच्या शेरवानीचं कापड बोटांत चोळून बघितलं. “कितीला?” तो बिचारा कुजबुजला, “भाड्याने आणलीय.” झालं. “भाड्यानं!” वराची आई जागच्या जागी बसली. मावशीला वाटत होतं आपण कौतुक करतोय. “शाना हाय पोरगा. एका दिसासाठी इकत कशाला घ्यायची?” असं तिने पुढे सांगितलंही, पण तोवर वरपक्षाच्या दोन बायका जेवायच्या नाहीत म्हणून अडून बसल्या होत्या.

मी एकदा चिडून तिला विचारलं होतं, की तू सगळ्यांचे भाव असे चव्हाट्यावर का आणतेस. ती पापलेट पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, “बंदरावर लिलाव बगितलास कधी? तितं भाव वरडून सांगतात. सगल्यांच्या कानावर पडला पायजे. कानात येऊन भाव सांगितला म्हंजे कोनाला तरी फसवायचा इचार हाय.”

“आणि ज्याचा भाव ओरडला त्याला काय वाटतं?”

“वाटू दे. फसन्यापरीस बरं.”

बारावीला मला बहात्तर टक्के मिळाले, तेही तिने तसेच ओरडून चाळभर केले, जणू टोपलीतली सुरमई आहे. मग कॉलेजचा प्रवेश आला. बाबांना काउंटरपुढे उभं राहायची धास्ती वाटायची. शिकलेल्या माणसापुढे त्यांचा दम आणखी वाढायचा. आईला चमचे सोडून जाणं शक्य नव्हतं. मावशी म्हणाली, चल, मी येते. मी नको नको म्हणत होते. ती मासळी विकून, हात धुऊन, तशीच टेम्पो घेऊन आली.

फीच्या पावतीवर आठ-दहा ओळी होत्या. मावशीने क्लार्कला प्रत्येक ओळ वाचायला लावली. “जिमखाना म्हंजे काय रे?”

“खेळायची फी.”

“ही कवा खेलली? बारा-बारा चमचे लावती ती.”

मागे रांगेत पन्नास मुलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटत होतं. मग ती वळली आणि रांगेकडे बघून एकूण आकडा ओरडली. “ह्या पोरीला इतके सांगतात. तुमाला किती सांगितले?” पुढची चार-पाच मुलं गोंधळून आपापल्या पावत्या बघायला लागली. सगळ्यांचा आकडा तोच होता. जिमखान्यासकट.

“सगल्यांना सेम हाय?” मावशीने खात्री केली. “मंग बरोबर हाय. भर.”

मी रागाने रडत बाहेर आले. एवढा तमाशा केलास आणि एक रुपया कमी झाला नाही, म्हणून तिला ऐकवलं. ती माझ्याकडे खरोखर न समजून बघत राहिली. “कमी कुठं करायचा व्हता? सगल्यांचाच भाव हाय का, ते बगायचं व्हतं.”

मी बीकॉम झाले. मीरा रोडला एका ऑफिसात अकाउंट्सला लागले. मधल्या काळात चाळीवर बिल्डर आला. त्याने एकेका भाडेकरूला वेगवेगळं गाठून वेगवेगळा आकडा सांगितला, खोलीच्या बदल्यात इतके पैसे घ्या आणि कोणाला बोलू नका. मावशीने संध्याकाळी नळाजवळ उभं राहून एकेकाला विचारलं, “तुला कितीला सांगितलं?” आणि सगळे आकडे ओरडून टाकले. आठवड्यात बिल्डर नव्या इमारतीत सगळ्यांना सारखं घर द्यायला तयार झाला. आज आमच्या घराला तीन खिडक्या आहेत. बाबा एका खिडकीत ऑक्सिजनची नळी लावून बसतात आणि खाली बघतात.

जमिनीचे मावशीला बरेच पैसे मिळाले. लोकांना वाटलं आता देवळाला देईल, पुतण्यांना देईल. एका रविवारी ती आमच्याकडे आली, चहा बशीत ओतला आणि मला म्हणाली, “मना एक गाडी घ्यायची हाय. तू चल. कागद इंग्रजीत असतंत.”

मला वाटलं टेम्पो. तिने मोबाइलमध्ये फोटो दाखवला. स्पोर्ट्स कार. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, छत उघडणारी. तेवढ्या पैशांत मीरा रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट आला असता. आई हसायला लागली, मग मावशी हसत नाही हे बघून थांबली.

वरसाव्याच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अशीच एक गाडी कधीतरी तिच्या टेम्पोशेजारी उभी राहिली होती. आतल्या माणसाने तिच्याकडे बघून काच वर केली. “तवापासून मनात हाय, आतून कशी दिसत असंल ती.”

“पण मावशी, दोनच सीट?”

“म्हनून तर. पाच सीटची घेतली का सगला गाव बसतो.”

“आणि एवढी खाली! तुला उठता येईल का त्यातून?”

“चालीस वर्सं बाजारात पाटावर बसून मासली इकली गो. खाली बसायची आन उठायची सवय हाय मना. त्या मोठ्या जीपमधी चढाया शिडी लागती.”

मी शोरूमचा पत्ता शोधला.

शोरूम घोडबंदर रस्त्यावर, ठाण्याच्या बाजूला. मावशी टेम्पोतूनच गेली. वॉचमनने टेम्पो मागच्या गेटने घ्यायला सांगितला, माल उतरवायचं गेट तिकडे आहे म्हणून. ती म्हणाली, “मी माल उतरवाया न्हाय, घ्यायला आलेय.” आत थंडगार, पांढऱ्या फरश्या, कॉफीचा वास. टाय लावलेला सेल्समन माझ्याकडे बघून हसला आणि मावशीकडे बघून त्याने मला इंग्रजीत विचारलं, या तुमच्या कोण?

“आमच्या ओळखीच्या,” मी म्हणाले.

मावशी तेव्हा गाडीच्या पुढच्या जाळीत बोट घालून बघत होती, मासळीचे कल्ले उचलून बघतात तसं. मला वाटलं तिने ऐकलं नाही. परत येताना पुलाजवळ आल्यावर ती म्हणाली, “ओलखीची हाय व्हय मी तुझी?” पुढचा गिअर टाकत तिनेच म्हटलं, “असू दे. ओलखतेस तर खरी.” त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मीच काढते, मनात.

त्या पहिल्या दिवशी तिला एकच गोष्ट पटली नव्हती. समोर उभी असलेली गाडी तिला मिळणार नव्हती. ऑर्डर द्यायची, मग परदेशात ती बांधणार, पाच महिन्यांनी येणार. “न बगितलेली मासली कोन घेतो?” मी होडीचं उदाहरण दिलं, की सुताराला सांगून होडी बांधून घेतात तशी. तेव्हा ती जरा सैलावली. “होडी सांगितली तवा मी रोज जाऊन सुताराच्या डोक्यावर बसायचे,” ती म्हणाली. पण रंग निवडायला मिळतो म्हटल्यावर खूश झाली. कॅटलॉगमधला एक निळसर करडा रंग तिने बोटाने दाबला. “सुरमईच्या पाठीचा.” सेल्समनने लिहून घेतलं मेटॅलिक काहीतरी.

जाण्याआधी ती मला पक्कं सांगून बसली होती, “स्वस्त नको मना. सूटबूटवाल्याला जो भाव देतंत, तोच पायजे. त्याच्यापरीस एक पैसा जास्त न्हाय. मना बगून जास्त लावतील, ते तू बगायचं.” ती माझ्या पदवीवर भरवसा ठेवून होती. मी खरेदी-विक्रीची बिलं रोज बघते, मला वाटलं, यात काय आहे.

दुसऱ्या खेपेला कोटेशन तयार होतं. शेजारच्या टेबलावर एक सूटवाले गृहस्थ आणि त्यांची बायको बसली होती, बहुधा गुजराती. त्यांचीही तीच गाडी, लाल रंगात. आमच्या कागदावर गाडीची किंमत, आरटीओचा टॅक्स, इन्शुरन्स, आणि त्याखाली हँडलिंग चार्जेस, एक ‘इसेन्शियल किट’, आणखी दोन बारीक ओळी. मी वाचलं. जास्त वाटलं. पण त्या थंडगार हवेत, त्या काचेच्या टेबलापुढे, माझी काउंटरपुढच्या बाबांसारखी गत झाली. मी मावशीला हळूच म्हणाले, “सगळं फिक्स असतं इथे.”

“वाच,” ती म्हणाली.

“वाचलं.”

“वरडून वाच.”

“मावशी, इथे नको.”

सेल्समनला वाटलं आमचं पटत नाहीये. तो मदतीला आला. अगदी गोड आवाजात म्हणाला, “आंटी, टेन्शन मत लो. आपके लिये कार परफ्यूमका पूरा सेट फ्री डालता हूँ. दो सालका. आपके काममें तो लगेगाही ना, बासके लिये.”

मावशी गप्प झाली.

मी तिला लहानपणापासून बघत आलेय. नवरा गेला तेव्हाही ती आरडाओरडा करत होती असं आई सांगते. पोलिसांपुढे, बिल्डरपुढे, कोणापुढे ती कधी गप्प झाली नव्हती. आता ती आपल्या हातांकडे बघत होती. मग तिने दोन्ही हात उचलून पदराखाली घेतले.

मी उठले. कागद घेतला आणि वाचायला लागले, मराठीत, जेवढा आवाज माझ्या घशात होता तेवढ्याने. गाडीची किंमत, आकडा. टॅक्स, आकडा. इन्शुरन्स, आकडा. शोरूममधली सगळी माणसं वळली. माझे कान तापले होते, पण मी थांबले नाही. “हँडलिंग चार्जेस!” मी आकडा ओरडले.

“एक मिनट,” शेजारचे सूटवाले म्हणाले. त्यांनी आपला कागद नाकाजवळ धरला. “ये हँडलिंग क्या है? हमारेमें तो नही है.”

“किट पण नाही,” त्यांची बायको म्हणाली. “अने इन्शुरन्स? अमारुं तो ओछुं छे.”

तीच गाडी, तोच शोरूम, तोच दिवस, आणि त्यांचा इन्शुरन्सही कमी. सेल्समन मॅनेजरला बोलवायला धावला.

मॅनेजर आले, मराठी होते, हसत होते. “मॅडम, सरांची केस वेगळी आहे. सर आमचे जुने कस्टमर.”

मावशीचे हात पदरातून बाहेर आले. “माझी पन गिऱ्हाइकं जुनी हायत रे. जुन्याला येगला काटा आन नव्याला येगला, असं मी करत न्हाय. तुज्याकडं दोन काटे हायत काय?”

“तसं नाही, आंटी. आपण आत केबिनमध्ये बसून बोलू या.”

“आत न्हाय. हितंच. वरडून.”

मॅनेजरांनी हँडलिंग काढल्याचं सांगितलं. मावशी म्हणाली, “न्हाय आयकलं.” त्यांना ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. किट गेलं. दोन बारीक ओळी गेल्या. इन्शुरन्स बाहेरून घेतला तरी चालतो हे मला माहीत होतं, ते मी सांगितलं, आणि परफ्यूमही मीच पेनाने खोडला. दोनदा रेघ मारली.

मग कागदाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत एक ओळ सापडली: गाडी मिळेल त्या दिवशीची किंमत लागू होईल. मी ती मावशीला समजावली. तिने मॅनेजरकडे बघितलं. “मंग आज भाव कशाला करतंस? पाच महिन्यांनीच कर.” सूटवाले जोरात हसले आणि म्हणाले, ये पॉइंट तो हमारेमेंभी होगा. होता. बऱ्याच फोनाफोनीनंतर दोघांच्या कागदावर आजचा भाव कायम असं लिहून, शिक्का मारून मिळालं.

निघताना मॅनेजर दारापर्यंत आले. वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, “आंटी, तुमच्यासाठी स्पेशल. गाडीच्या किमतीतून आणखी थोडं कमी करून देतो. फक्त पुढच्या वेळी इथे आवाज नको.” त्यांनी आकडा सांगितला. कमी थोडा नव्हता. बाबांच्या दोन-तीन वर्षांच्या औषधांएवढा होता. मी मावशीचा हात दाबला, घे म्हणून.

तिने मागे वळून शोरूमच्या आत बघितलं. सूटवाले अजून सही करत बसले होते.

“त्याला पन देनार?”

“नाही, आंटी. हे फक्त तुम्हाला.”

“मंग नको,” मावशी म्हणाली आणि टेम्पोकडे चालायला लागली.

गाडी पाच महिन्यांनी आली. मधल्या काळात कंपनीने किंमत वाढवली होती. ती वाढ मावशीलाही लागली नाही आणि त्या सूटवाल्यांनाही नाही. दोघांच्या गाड्या एकाच दिवशी मिळाल्या, आणि त्यांचंही बिल मागून घेऊन मी दोन्ही बिलं काचेच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली. रंग सोडला तर कशातही फरक नव्हता.